वाचता येतंय म्हणजे चुकलंय

मुंगीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मावशीला वाटलं, हा माणूस पिऊन पडलाय. आजही ती हे हसत हसत कबूल करते, आणि कबूल करताना पोट धरते. पण तिची तरी काय चूक? भर दुपारी एका गाडीच्या उघड्या दारातून दोन दांडगे पाय रस्त्यावर आलेले, एका पायात चप्पल, दुसरी चप्पल गटाराच्या कडेला उताणी, आणि वरचा माणूस कुठे दिसतच नाही. मावशी आपल्या व्हॅनमधून उतरली, ते पाय बघितले आणि सोबत आलेल्या दिराला चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "भावजी, हाच का तुमचा तो नावाजलेला कारागीर? हा तर झिंगून आडवा झालाय."

पायांच्या पलीकडून, कुठून तरी खोलातून शांत आवाज आला. "झिंगलो नाही ताई, अडकलोय. तुमच्या पायाशी पिवळा स्क्रू ड्रायव्हर आहे, तेवढा सरकवा."

मावशीने सरकवला. मुकाट्याने. आयुष्यात इतकी गप्प ती भूल दिल्यावरच काय ती झाली असेल.

मग तो माणूस बाहेर यायला लागला. आधी गुडघे, मग पोट, मग आणखी पोट, मग खांदे, मग धुळीने माखलेलं गोल तोंड. येतच राहिला बिचारा. उभा राहिला तेव्हा गाडीच्या टपावरून त्याचं डोकं दिसत होतं. एवढ्या थोरल्या देहाला अख्खी गल्ली मुंगी म्हणते, हे ऐकून मावशीला एरवी हसू फुटलं असतं. पण हसायला वेळ कुणाला होता? घड्याळात सव्वा वाजला होता आणि चार वाजता तिचं सगळं ठरणार होतं.

काय ठरणार होतं ते सांगते. मावशी शाळेची व्हॅन चालवते. बारा पोरं, सकाळी न्यायची, दुपारी आणायची. ती पोरंच तिला मावशी म्हणतात, म्हणून त्यांचे आईबापही म्हणायला लागले, आणि मग तिचं खरं नाव फक्त लायसन्सवर उरलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या मानेचं ऑपरेशन झालं. मानेत पट्टी आणि स्क्रू बसले. दुखणं गेलं, पण मान वळायची थांबली. कुणी मागून हाक मारली तर मावशी अख्खीच्या अख्खी वळते, कपाट सरकवल्यासारखी. आता अशा बाईने व्हॅन मागे कशी घ्यायची? शाळेने तेव्हा लेखी अट घातली होती की मागचा कॅमेरा चालू असेल तरच गाडी चालवायची. कॅमेरा होता, गाडीबरोबरच आलेला. रिव्हर्स टाकला की पुढच्या छोट्या पडद्यावर मागचं सगळं दिसायचं. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग भावजींना प्रेम आलं.

भावजी म्हणजे सगळ्यातलं सगळं कळणारा माणूस. घरातला पंखा त्यांनी दुरुस्त केला तेव्हापासून तो फक्त एकच वेग जाणतो. पोरं व्हॅनमध्ये गाण्यांसाठी हट्ट करतात हे त्यांच्या कानावर आलं, आणि रविवारी ते एक मोठा चकचकीत पडद्याचा सेट घेऊन हजर. "वहिनी, दुकानात कशाला जायचं? मी आहे ना." मोबाइलवर व्हिडिओ लावून, डॅशबोर्ड उघडून, संध्याकाळपर्यंत त्यांनी सेट बसवला. गाणी वाजली. काय वाजली म्हणता, शेजारच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि सोमवारी सकाळी मावशीने रिव्हर्स टाकला तर पडद्यावर गाण्याचं नाव तसंच, मागचं काही नाही. दार उघडलं की मात्र गाणं बंद पडायचं आणि पडदा काळा व्हायचा.

तीन दिवस तिने नवऱ्याला मागे उभं करून, त्याच्या "ये, ये, ये, अगं थांब"वर गाडी काढली. त्या तीन दिवसांत दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. आणि आज गुरुवारी शाळेत वर्षाची गाडीतपासणी, शेवटचा दिवस. चारला यादी बंद. ज्याची गाडी पास नाही त्याचा रूट दुसऱ्याला. दुसरा कोण, तेही ठरलेलं होतं. निळ्या व्हॅनवाला महिनाभर शाळेच्या फाटकाशी घुटमळत होता. सकाळी मोठ्या दुकानात गेली, तर तिथल्या माणसाने बोनेटसुद्धा न उघडता सांगितलं, कॅमेरा गेला, नवा मागवावा लागेल, सोमवारी या. सोमवारी जाऊन काय करायचं? निळ्या व्हॅनला टाटा करायचा?

म्हणून ती इथे आली होती.

मुंगीने हात पुसले. व्हॅनभोवती एक चक्कर मारली. मग विचारलं, "सेट कुणी बसवला?"

मावशीने भावजींकडे बघितलं. मान वळत नाही ना, म्हणून अख्खी वळून बघितलं. त्यामुळे ते बघणं भलतंच जोरदार झालं.

"मीच," भावजी म्हणाले. "तारा सगळ्या बरोबर जोडल्यात. लालला लाल, काळ्याला काळी, गुलाबीला गुलाबी. रंग बघून. त्यात चुकायला जागाच नाही."

मुंगीने एकदा डोळे मिटले, देवाचं नाव घेतल्यासारखे. "गुलाबीला गुलाबी," तो हळूच म्हणाला. "बरं. जुना सेट कुठंय? टाकला तर नाही ना?"

"टाकतोय कशाला," भावजी म्हणाले. "मागच्या सीटखाली पिशवीत आहे."

"एवढं चांगलं केलंत," मुंगी म्हणाला. भावजी खूश झाले. एवढं म्हणजे फक्त एवढंच, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

मग मुंगी पुढच्या सीटखाली शिरला आणि पुन्हा दोन पाय रस्त्यावर आले.

मावशी दाराशी उभी. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आतून ना खटखट, ना खडखड. तिने कमरेतून वाकून बघितलं तर हा माणूस डोळे मिटून पडलेला. एका हाताची दोन बोटं एका तारेवर, आणि ती बोटं सरकतायत, किती सावकाश म्हणाल तर दुधावरची साय काढावी तशी. सरकतायत, थांबतायत, पुन्हा सरकतायत.

"अहो," मावशी म्हणाली, "डोळे तरी उघडा. मला चारला शाळेत पोचायचंय."

"डोळे उघडले की रंग दिसतात ताई," तो म्हणाला. "रंग बघून तर हे झालंय. तार एकदा हातात धरली की जिथे संपते तिथपर्यंत सोडायची नाही. गर्दीत पोराचा हात सोडता का तुम्ही?"

मावशीच्या बारा पोरांपैकी एकाचाही हात तिने कधी सोडला नव्हता. पण घड्याळ काही कुणाचा हात धरून थांबत नाही. पावणेदोन झाले.

"सापडली," आतून आवाज आला. "ही तुमची गुलाबी. सेटची गुलाबी तार म्हणजे सेटच्या कानात सांगायची तार. गाडी रिव्हर्समध्ये आहे, आता कॅमेरा दाखव, असं ती सांगते. ती मागच्या रिव्हर्सच्या दिव्याला जायला हवी. आणि गाडीची गुलाबी तार आहे दार उघडल्यावर लागतो त्या आतल्या दिव्याची. दोघी गुलाबी म्हणून यांनी लग्न लावून दिलं."

"म्हणून दार उघडलं की पडदा काळा," मावशी म्हणाली.

"बरोबर. दार उघडलं की सेटला वाटतं, बाई मागे निघाली."

भावजी म्हणाले, "पण रंग सारखा होता."

"तुमच्या आणि माझ्या शर्टाचा रंग सारखा आहे," मुंगी म्हणाला. "मी तुमच्या घरी जेवायला येऊ का रोज?"

मावशीला हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर थोडा धीरही आला. आता तार बदलायची आणि निघायचं, असं तिला वाटलं. पण मुंगी मागे गेला, रिव्हर्सच्या दिव्याचं झाकण काढलं, तिथली तार बोटांत धरली आणि तिच्यासकट रांगायला लागला. मागच्या सीटखालून, चटईखालून, मधल्या सीटच्या पायांमधून. चटई उचलायची, तार चाचपायची, चटई परत जागेवर ठेवायची. तेवढा मोठा देह बारा पोरांच्या त्या चिंचोळ्या जागेतून पुढे सरकत होता. मुंगी नाव कसं पडलं ते आता मावशीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिला फक्त वाटत होतं, याला कुणीतरी मागून ढकलावं.

"पुढेच कुठेतरी टोचून बघा ना," भावजी म्हणाले. "व्हिडिओत तसंच करतात."

"व्हिडिओवाल्याला चारला शाळेत जायचं नसतं," मुंगी सीटखालून म्हणाला. "चुकीच्या तारेत टोचलं तर फ्यूज जाईल. मग गाडी ढकलत न्या."

अडीच वाजले. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मनातल्या मनात निळ्या व्हॅनवाल्याला आपल्या पोरांची नावं सांगायला सुरुवात केली होती. कुणाला गाडी लागते, कुणाला खिडकी लागते, कोण डबा तसाच परत नेतं. हे त्या माणसाला कोण सांगणार? चष्मेवाली धाकटी दारातून उतरली की बुटाची लेस बांधायला तिथेच चाकाजवळ बसते, हे त्याला माहीत आहे का?

मुंगी पुढे पोचला. तार जोडली, वर नीट वेष्टन केलं. रिव्हर्स टाकायला सांगितला. पडदा बदलला. गाणं गेलं आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरात आलं: सिग्नल नाही.

"आता कॅमेऱ्याला करंट पाहिजे," मुंगी म्हणाला. "पूर्वी जुना सेट त्याला करंट द्यायचा. तो काढला, कॅमेरा उपाशी."

"एवढंच ना," भावजी म्हणाले, आणि खरं सांगते, इथे मावशीचा जीव जायची वेळ आली होती. कारण भावजींनी बोलता बोलता कॅमेऱ्याची मोकळी तार उचलली आणि दुसऱ्या हाताने बॅटरीची जाड तार. "एकदा लावून तर बघू. चालला तर चालला."

मुंगीचा हात असा आला की दिसलाच नाही. इतका वेळ गोगलगाय झालेला माणूस, आणि भावजींचं मनगट त्याच्या पंज्यात. दोन तारांची टोकं एकमेकांपासून बोटभर अंतरावर.

"सोडा," मुंगी म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, पण भावजींनी दोन्ही तारा सोडल्या. "पिशवी आणा."

जुना सेट पिशवीतून निघाला. मुंगीने तो उलटा केला, पाठीवरच्या मळक्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला आणि मावशीसमोर धरला. "वाचा ताई. कॅमेऱ्यासमोर काय लिहिलंय?"

"सहा व्होल्ट."

"आणि बॅटरी बाराची. आत्ता टोकं भिडली असती तर कॅमेरा जळला असता. मग खरंच सोमवार."

मावशीने भावजींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर पुन्हा अख्खं वळावं लागलं असतं, आणि एकदा वळल्यावर तिने काय केलं असतं याची तिलाच खात्री नव्हती. ती एवढंच म्हणाली, "भावजी, तुम्ही त्या ओट्यावर जाऊन बसा. हात मांडीखाली ठेवून."

भावजी बसले. हात खरंच मांडीखाली घेतले. चांगल्या मनाचा माणूस आहे हो, फक्त हात मोकळे सोडू नयेत.

मुंगीने डब्यातून काडेपेटीएवढा एक तुकडा काढला. बारा आत घ्यायचे, सहा बाहेर सोडायचे, एवढंच त्याचं काम. मीटर लावून दोनदा मोजलं. मावशी म्हणाली, एकदा मोजलंत ना. तो म्हणाला, पहिल्यांदा मीटर खरं बोलतो का ते बघितलं, आता व्होल्ट बघतोय. मग जोडणी केली, मावशीला सीटवर बसवलं आणि म्हणाला, टाका रिव्हर्स.

पडद्यावर मागची गल्ली उभी राहिली. स्वच्छ. पलीकडच्या केशकर्तनालयाची पाटी, दारातली खुर्ची, खुर्चीवर पेपर वाचणारा न्हावी. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मावशीच्या जिवात जीव आला. तिने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून मुंगीचा धुळकट हात धरला, आणि दुसऱ्या क्षणी तो सोडून किल्लीला हात घातला. "निघते मी. देव तुमचं भलं करो."

मुंगीने खिडकीतून हात घातला आणि किल्लीवर पंजा ठेवला.

"अहो, काय करताय?"

"थांबा," तो म्हणाला. पडद्याकडे बघत होता. "ती पाटी वाचा."

"केशकर्तनालय."

"नीट वाचता येतंय?"

"अगदी नीट. खालचा फोन नंबरसुद्धा."

"मग चुकलंय."

आता मात्र मावशीचा तोल गेला. "काय चुकलंय? तीन दिवसांनी मला मागचं दिसतंय, न्हाव्याच्या मिशा दिसतायत, पाटी वाचता येतेय, आणि तुम्ही म्हणता चुकलंय? किल्ली सोडा. शाळा पंधरा मिनिटांवर आहे. तो निळ्या व्हॅनवाला तिथे माझ्या नावावर काट मारायला टपून बसलाय."

"पाच मिनिटं," मुंगी म्हणाला.

"एक मिनिट नाही."

"मग एकच. डोळे मिटा. आरशाकडे बघू नका."

कसं कोण जाणे, तिने मिटले. मागे काहीतरी ठेवल्याचा आवाज आला. मग मुंगीचा आवाज, लांबून. "मागे बादली आहे. फक्त पडद्यावर बघायचं आणि बादली चुकवून गाडी मागे घ्यायची. सावकाश."

मावशीने डोळे उघडले. पडद्यावर निळी प्लॅस्टिकची बादली, उजव्या बाजूला, अगदी स्पष्ट. उजवीकडे आहे तर मागचं टोक डावीकडे न्यायचं, पोरखेळ आहे. तिने गाडी चालू केली, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि सावकाश गाडी मागे सोडली. पडद्यावर बादली मोठी व्हायला लागली. तिने आणखी डावीकडे फिरवलं. बादली आणखी मोठी. ब्रेकवर पाय जाईपर्यंत चाकाखाली कडकन आवाज झाला.

मावशी उतरली. बादली व्हॅनच्या डाव्या चाकाखाली होती. डाव्या. तिचा एक तुकडा रस्त्यावर अजून गोल गोल फिरत होता.

ती तिथेच उभी राहिली. तिला बादली दिसत नव्हती. तिला चाकाजवळ लेस बांधायला बसलेली चष्मेवाली धाकटी दिसत होती. ऊन होतं तरी मावशीच्या अंगावर काटा आला, आणि तो जाईना.

"मागे तोंड करून बघणारा कॅमेरा आहे हा," मुंगी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला. "त्याची उजवी बाजू म्हणजे आपली डावी. म्हणून चित्र आरशासारखं फिरवून दाखवावं लागतं, तर आपलं डावं डावीकडे येतं. आणि फिरवलं की अक्षरं उलटी दिसतात. दिसायलाच पाहिजेत. हा कॅमेरा चित्र स्वतःच फिरवून पाठवतो, कंपनीचा आहे. सेटने ते पुन्हा फिरवलंय. दोनदा फिरवलं की सरळ होतं. सेटमध्ये कुणी काही बदललं होतं का?"

ओट्यावरून, मांडीखाली हात असलेल्या माणसाचा बारीक आवाज आला. "सोमवारी रात्री मी सेटिंगमधली सगळी बटणं एकेकदा लावून बघितली. एकाने तरी कॅमेरा लागेल म्हणून."

मावशी नुसती सीटवर जाऊन बसली आणि मुंगीला म्हणाली, "बदला. कितीही वेळ लागू दे."

वेळ लागलाच. त्या चकचकीत पडद्यावर एक यादी उघडली की आत आणखी एक यादी, तिच्यात आणखी एक. मुंगीची बोटं तारेवर जशी चालतात तशी पडद्यावर चालत नव्हती. त्याचं एक बोट तीन बटणांवर पडायचं. एकदा सेट भलत्याच भाषेत बोलायला लागला. एकदा गाणं इतक्या जोरात सुरू झालं की न्हावी खुर्चीतून उठला. मावशी घड्याळाकडे बघत नव्हती, पण घड्याळ तिच्याकडे बघत होतं. शेवटी एक छोटं बटण सापडलं. मुंगीने मावशीची करंगळी मागितली, तिच्या करंगळीने ते दाबलं, आणि केशकर्तनालयाची पाटी पडद्यावर उलटी झाली.

फुटकी बादली पुन्हा मागे ठेवली. पुन्हा डोळे मिटले. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा वेगळ्या जागी. तिन्ही वेळा बादली वाचली. तीन पस्तीस.

"मी येतो," मुंगी म्हणाला आणि मधल्या सीटवर चढला. व्हॅन त्या बाजूला चार बोटं खाली गेली. "वाटेत पडदा काळा झाला तर?"

भावजी ओट्यावरून उठले. मावशी म्हणाली, "तुम्ही रिक्षाने घरी जा."

शाळेच्या आवारात पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. निळ्या व्हॅनवाला फाटकाला टेकून उभा होता. मावशीला बघून त्याने तोंडावर हसू आणलं, पण ते काही नीट बसलं नाही. तपासणीला टेबल टाकून बसले होते शाळेचे वाहतूकवाले साहेब. यांना पोरं पाठीमागे फॉर्मसाहेब म्हणतात, कारण हा माणूस शिंक आली तरी आधी रकाना शोधतो. पाठ ताठ, पेन दोन, एक निळं, एक लाल.

टायर बघितले. टिकमार्क. आग विझवायची टाकी, औषधांची पेटी, सीटचे पट्टे. टिकमार्क, टिकमार्क, टिकमार्क. मग साहेब पुढे वाकले. "कॅमेरा दाखवा बाई."

मावशीने रिव्हर्स टाकला. पडदा उजळला. मागे शाळेची भिंत, भिंतीवर मोठ्या अक्षरात शाळेचं नाव. उलटं.

साहेबांनी मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे कलवली. "हे उलटं आहे."

"तसंच असतं साहेब."

"शाळेचं नाव उलटं कसं असेल?" त्यांनी लाल पेन काढलं. मावशीला तो टोपण निघाल्याचा आवाज गोळी सुटल्यासारखा ऐकू आला. साहेब लिहिताना मोठ्याने म्हणत होते, "कॅमेरा चालू, परंतु चित्र उलटे. शेरा आला की गाडी फेरतपासणीला. पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात माझा रूट नसेल साहेब."

"मी काय करू? उलट्याला मी सुलटं लिहू?"

फाटकाला टेकलेला निळ्या व्हॅनवाला सरळ उभा राहिला.

मधल्या सीटवरून मुंगी उतरला. व्हॅन चार बोटं वर आली. साहेबांनी वर बघितलं, मग आणखी वर बघितलं. "हे कोण?"

"तार ओढणारा," मुंगी म्हणाला. "साहेब, जरा ताईंच्या जागेवर बसता का?"

"मी कशाला बसू?"

"तपासणी तुमची आहे. आम्ही बसलो तर तुम्ही म्हणाल, आम्हीच पास करून घेतलं."

हे पटण्यासारखं होतं. साहेब बसले. पेन हातातच.

"आता पडदा सोडा," मुंगी म्हणाला. "वरच्या आरशात बघा. आरसा कंपनीचा आहे. मागची भिंत दिसते?"

"दिसते."

"शाळेचं नाव वाचा."

साहेब आरशात बघत राहिले. ओठ हलले, पुन्हा मिटले.

"वाचता येतंय?" मुंगीने विचारलं.

"आरशात उलटंच दिसणार ना. आरसा आहे तो."

"मग आरशाच्या रकान्यात पण लाल शेरा मारा. आरसा चालू, परंतु चित्र उलटे. आणि तुमच्या स्कूटरला दोन आरसे असतील, त्यांच्यावरही मारा."

"आरशाची गोष्ट वेगळी आहे."

"एकच आहे. आरशात माणूस डावीकडून आला तर डावीकडे दिसतो. इथेही. उठून मागे डाव्या कोपऱ्यावर उभे राहा साहेब, ताई तुम्हाला कुठे आहात ते सांगतील."

साहेब उठले नाहीत, पण चपराशाला पाठवलं. चपराशी डाव्या चाकामागे उभा राहिला. पडद्यावर डावीकडे दिसला. साहेबांनी त्याला उजवीकडे जायला सांगितलं. उजवीकडे दिसला. खाली बसायला लावलं, उठवलं, पुन्हा डावीकडे पाठवलं. चपराशी म्हणाला, साहेब, कवायत आहे का. मावशीने श्वास धरून ठेवला होता.

"ठीक आहे," साहेब शेवटी म्हणाले. "समजलं. पास करतो. कॅमेरा चालू." आणि त्यांनी निळ्या पेनाने टिकमार्क केली. मावशीने इतक्या वेळाने श्वास सोडला की तिला घेरीच आली.

साहेब उतरून बाजूच्या टेबलाशी बसले, मावशी आपल्या जागेवर परत चढली, आणि साहेब फॉर्म तिच्या खिडकीकडे सरकवायला लागले. मुंगीने त्यावर बोट ठेवलं. तेच बोट, जे तीन बटणांवर एकदम पडतं. "हे लाल खोडा."

"टिकमार्क केली ना? मग?"

"टिकमार्कच्या खाली परंतु चित्र उलटे असं लाल अक्षरात राहिलंय. पुढच्या वर्षी दुसरा कुणी बसेल, तो वाचेल आणि म्हणेल, अरे, उलटे होते, आता तरी सरळ केले का? आणि कुणीतरी सरळ करून टाकेल. खोडा."

"शाळेच्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही," साहेब म्हणाले. हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. छातीही जरा पुढे आली.

"मग नवीन फॉर्म घ्या."

"अहो, एका शब्दासाठी?"

"तीन शब्द आहेत. परंतु पण काढायचाय."

"चारला दोन मिनिटं आहेत. टायर, टाकी, पेटी, पट्टे, सगळं पुन्हा लिहायचं मी?"

"मी सांगतो, तुम्ही लिहा. टायर चारही चांगले. पाचवा धरला तर पाच."

साहेबांनी मावशीकडे बघितलं. मावशी वरच्या आरशात भिंतीवरचं नाव वाचण्यात गर्क झाली होती. मग साहेबांनी मुंगीकडे बघितलं. तो कुठेही जायच्या बेतात नव्हता. त्याचं बोटही नव्हतं.

साहेबांनी खण उघडला, कोरा फॉर्म काढला, लाल पेनाला टोपण घातलं आणि म्हणाले, "सांगा. टायर."